कानाची कड गेली: उरलेली सरकवून घ्यावी की मागची कातडी जोडून घ्यावी?

निवृत्त_मोजणीदार
वय ६४. डाव्या कानाच्या वरच्या कडेवर वर्षभर एक खपली होती. निघायची, पुन्हा धरायची. चष्म्याची काडी घासते म्हणून असेल, अशी मीच माझी समजूत घातली. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला. मागच्या आठवड्यात गाठ कूर्चेसकट (कानातल्या मऊ हाडासकट) काढली. आजूबाजूला काही शिल्लक नाही, असा रिपोर्ट काल आला. आता तिथे दोनेक सेंटिमीटरची खाच आहे, उंदरानं वहीचा कोपरा कुरतडावा तशी.

सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, उरलेली कड दोन्हीकडून सरकवून शिवायची. एकाच वेळी काम संपतं, पण कान लहान होतो. दुसरी, कानामागची कातडी कडेला जोडायची आणि तीन आठवड्यांनी मागून सोडवायची. लहान म्हणजे किती लहान? चष्मा बसेल का? मुलगी म्हणते केस वाढवा. केस आहेत कुठे!

अर्धाकान
माझं पहिल्या पद्धतीनं झालं, तीन वर्षांपूर्वी. कान बधिर करून, मी जागा. टाक्याचा दोरा ओढला जातो त्याची खरखर थेट कानात ऐकू येते, हे आधी कुणी सांगत नाही. कान अर्ध्या सेंटिमीटरनं बुटका झालाय. दोन्ही कान एकाच वेळी कुणी बघत नाही, त्यामुळे फक्त न्हाव्याला कळलं. काडी टेकते ती कान डोक्याला जिथे मिळतो तिथे. तुमची खाच त्या जागेपासून लांब असेल तर चिंता नको.

वॉर्डातली_ताई
प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. पहिल्या पद्धतीला अंतिया-बुच फ्लॅप म्हणतात. फ्लॅप म्हणजे रक्तपुरवठा न तोडता सरकवलेला भाग. मुंबईचे डॉ. नोशिर अंतिया आणि बुच यांनी ती १९६७ साली मांडली. कडेच्या आतल्या पन्हळीतून पुढची कातडी आणि कूर्चा कापतात, मागची कातडी मात्र शाबूत ठेवतात. सुट्या झालेल्या कडेला रक्त तिथूनच मिळतं.

नुसतं ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी पूर्ण सुटी काढून इथे लावणं, का नाही, हा पुढचा प्रश्न येणारच. उघड्या कूर्चेवर ग्राफ्ट धरत नाही, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. शिवाय कातडीला ताठपणा नाही. आधाराशिवाय कड चुरगळते.

सिगारेट ओढत असाल तर आजच बंद करा, फ्लॅप काळा पडायचं ते मोठं कारण. ऑपरेशननंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कान लाल होऊन ठणकू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. कूर्चेत जंतुसंसर्ग झाला की कानाचा आकार बिघडतो.

दोन_टप्पे
मी दुसरी वाट घेतली, माझी खाच फार मोठी होती. तीन आठवडे कान डोक्याला शिवलेला. त्या बाजूची काडी काढून चष्मा पट्टीनं बांधला. शर्ट बटणांचेच घाला, डोक्यातून काही काढता येत नाही. उंची पूर्ण राहिली, पण कड जाडसर आहे आणि अजून बधिर.

निवृत्त_मोजणीदार
आरशात बघितलं, खाच काडीच्या जागेपासून दोन बोटं मागे आहे. पहिली पद्धत नक्की केली, गुरुवारी ऑपरेशन. सिगारेट कधीच नव्हती; चाळीस वर्षं उन्हात उघड्या डोक्यानं जमिनी मोजल्या, तेवढं पुरलं. उजव्या कुशीवर झोपायची सवय आजपासून लावतोय. जमत नाहीये.