मदत हवी आहे: जेनेटिक्सचे प्रॉब्लेम सोडवायला मुलांना शिकवावं कसं?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या कॉलेजात एसवायबीएस्सीला जेनेटिक्स शिकवते. वर्गात साठेक मुलं, बरीचशी बारावीला गणित सोडलेली. पाठांतर मात्र चोख. हार्डी-वाइनबर्गच्या (जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचं, म्हणजे ॲलीलचं, प्रमाण पिढ्यानपिढ्या स्थिर, म्हणजे समतोलात, कधी राहतं ते सांगणारा नियम) पाचही अटी झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगतील.

सिकलसेलचे शंभरात १ रुग्ण, तर वाहक किती? क्यू म्हणजे सिकलसेलच्या ॲलीलचं प्रमाण; समतोलात रुग्ण क्यूचा वर्ग, वाहक २ × क्यू × (१ - क्यू). क्यूचा वर्ग ०.०१, क्यू ०.१, वाहक १८ टक्के. बिनचूक येतं. आकडे बदलले तरी येतं.

मग गुलबक्षी दिली. लाल ६०, गुलाबी २०, पांढरी २०. ही झाडं समतोलात आहेत का? अर्ध्याहून जास्त वर्गाने पांढऱ्यांचं वर्गमूळ काढून क्यू ०.४५ लिहिला. अरे, तिन्ही प्रकार डोळ्यांना वेगळे दिसताहेत, सरळ ॲलील मोजा ना! दर झाडात दोन, पांढऱ्यात दोन्ही पांढरे, गुलाबीत एकच: २०० पैकी ६०, म्हणजे ०.३. वर्गमूळ घेतलं की समतोल आधीच गृहीत धरला, आणि तपासायचा तर तोच आहे. फळ्यावर सांगितलं की सगळ्या माना डोलतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "मॅडम, फॉर्म्युला कोणता लावायचा?"

जास्त प्रॉब्लेम दिले तर 'टाइप' पाठ होतात. गट पाडले तर एकजण सोडवतो, बाकीचे उतरवतात. त्यात पेपरला एकच प्रॉब्लेम, तोही ऑप्शनला टाकता येतो. मुलांना तरी किती बोलायचं?

आकडेमोडीआधी थांबून 'आपण काय धरून चाललोय' हे बघायची सवय तुम्ही कशी लावता? ४८ मिनिटांच्या तासात बसेल असं सांगा. "क्रिटिकल थिंकिंग वाढवा" छापाचं वर्कशॉपांत भरपूर ऐकलंय.

प्रतिसाद १
मी मायक्रोबायोलॉजीवाला. पहिली दहा मिनिटं आकडेमोड करूच देऊ नका. दोन ओळी लिहून घ्या: काय दिलंय, आणि उत्तर साधारण केवढं यावं. आमच्याकडे नमुना लाखपट पातळ करून ०.१ मिली प्लेटवर पसरला, ५० कॉलनी (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आल्या. मूळ नमुन्यात मिलीला ५ कोटी. पण उलटा भागाकार करून ०.०००५ लिहिणारे दरवर्षी भेटतात. "पातळ केल्यावर ५० दिसल्या, मग मुळात जास्त असणार की कमी?" एवढं आधी विचारलं की बरेचजण वाचतात.

गुलबक्षीतही आधी विचारा, गुलाबी इतकी कमी का? समतोलात ४२ हवी होती. गुलबक्षीत स्वपरागण होतं हे कुणीतरी बोलेलच. बायोलॉजीची मुलं आहेत, त्या दारातून आत येतील.

धागाकर्ती
स्वपरागणाचं आवडलं. प्रॅक्टिकलच्या बॅचला करून बघते, तिथे वीसच असतात. पण साठजणांच्या दोन-दोन ओळी वाचायच्या कधी?

प्रतिसाद १
सगळ्या कशाला वाचता? चार-पाच चिठ्ठ्या उचला, नाव न घेता वाचून दाखवा आणि कुठे घसरलं ते वर्गालाच शोधू द्या. फक्त त्यातली एक बरोबर असू द्या, नाहीतर पोरं न वाचताच "चूक" म्हणून मोकळी होतात.