मदत हवी आहे: स्केचमध्ये चेहरा एका अंगाला सुजतो

रेघोट्या (राजापूर): लूमिस पद्धतीने, म्हणजे आधी डोक्याचा गोळा काढून त्यावर चेहरे काढतोय, दोन महिने झाले. रेषा सगळ्या जागच्या जागी असतात, पण डोळे-नाक बसवलं की एक गाल सुजल्यासारखा दिसतो. गणपतीपर्यंत आजोबांचं चित्र तयार हवंय. 'सराव करा' सोडून काहीही सांगा.

सुरंगी: समोरून की थ्री-फोर्थ, म्हणजे चेहरा थोडा वळलेला? फोटोवरून की माणूस बसवून?

मालवणी_खाजं: आधी काढलेलं तरी दाखव मरे! न बघता नाडी कशी धरायची?

माडाची_झाप: कशाला गोळे नि बिळे. फोटोवर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखा, कागदावर दोन-दोनचे. चौकोनामागून चौकोन उतरवा, आजोबा तयार.

रेघोट्या: थ्री-फोर्थच, अजून काय! मोबाईलवरचा फोटो. कागद टेबलावर. स्केच चढत नाहीये, रेंज नाही.

सुरंगी: त्या 'अजून काय'मध्येच सगळं अडकलंय. गोळा वळला की चेहऱ्याची मधली रेषा सरळ राहत नाही, बाक घेऊन पलीकडच्या कडेकडे सरकते. ती मध्यावरच ठेवलीस तर पलीकडच्या गालाला नको तेवढी जागा मिळते, तोच सुजतो. पलीकडचा डोळा अरुंद काढ. त्याचा आतला कोपरा बरेचदा नाकाच्या दांड्याआड जातो. दोन्ही डोळे सारखे आले की संपलं.

डोकं बाजूने चपटं असतं म्हणून गोळ्याची बाजू कापलेली धरायची, ती कापलेली चकती गोळ्याच्या व्यासाच्या साधारण दोन-तृतीयांश. थ्री-फोर्थमध्ये ती लंबगोल दिसते. वरचा काठ म्हणजे केसांची रेषा, मध्य भुवई, खालचा काठ नाकाचा तळ. भुवई ते नाकाचा तळ, तेवढंच अंतर आणखी खाली हनुवटी. आजोबांना टक्कल असेल तर केस शोधू नकोस, कपाळ जिथे मागे वळतं ती जागा धर. आणि दात नसतील, कवळी काढलेली असेल, तर नाक ते हनुवटी अंतर कमी भरतं. तिथे ठोकताळा सोडून मोज.

कागद आडवा ठेवू नकोस. वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो, आखूड दिसतो, म्हणून हात तो ताणून काढतो. पाट मांडीवर घेऊन टेबलाला तिरका टेकव.

शाडूवाला: फोटो किती अंतरावरून काढलाय? हातभरावरून असेल तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात. सहा-सात फुटांवर उभं राहून झूम करा. आजोबांना पडवीत बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ दे. वर ट्यूबलाइट चालू असली की दोन सावल्या पडतात, हाडांचे कोन मरतात.

खरं तर नारळाएवढा शाडूचा गोळा घ्या. दोन्ही बाजू सुरीने कापा, भुवईखाली दोन खड्डे, मध्ये नाकाची पाचर. अंधारात एका बाजूने बॅटरी मारा. कुठला भाग कुठे वळतो ते कागदाआधी बोटांना कळतं.

माडाची_झाप: त्याला चित्र हवंय, मूर्ती नको. चौकोनच.

सुरंगी: फोटोच वाकडा असेल तर चौकोन तो वाकडेपणा इमानदारीने उतरवतील. चौकोनांनी ओळख पटते, पण मान जरा वळवून काढायला सांगितली की हात थांबतो.

माडाची_झाप: मान वळवायला सांगितलंय कोणी?

कौलारू: फिक्सेटिव्ह (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारताना फुटभर अंतर ठेवा, एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन हलके हात. हेअरस्प्रे नको, कागद पिवळा पडतो.

मालवणी_खाजं: फिक्सेटिव्हचा कोणी विचारलान? त्यापेक्षा कागदाचा बघा. पावसात कार्ट्रिज कागद दमट होतो, पेन्सिलीची चर पडते, खोडरबराने तंतू सुटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवा. आखणी एचबीने, हलक्या हाताने, ४बी शेवटी.

रेघोट्या: मधली रेषा सरकवली, गाल बसला. आता कान गालावर येतोय.

सुरंगी: चकतीचे चार भाग कर. मागचा खालचा भाग कानाचा. वरचं टोक भुवईला, पाळी नाकाच्या तळाला. म्हातारपणी पाळी लोंबते, तेवढी खाली जाऊ दे.