पंचक्रोशी, बाजारगाव, राबता

इंदूरच्या बाजारांवर मराठीत टिपण लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. देवास, महू, धारकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला क्लॉथ मार्केटात येतात, सीतलामाता बाजारात फिरतात, रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या खाऊगल्लीत, खाऊन परततात. ती जिथून जिथून येतात त्या मुलखाला काय म्हणावं? ‘पंचक्रोशी’ लिहिलं, पण मन घेत नाही.

— ताई, मन घेत नाही ते बरोबरच. पंचक्रोशी म्हणजे मधल्या ठिकाणापासून चहूकडे पाच-पाच कोस. कोस दोन मैलांचा धरला तर साधारण १६ किलोमीटर. उज्जैनची वैशाखातली पंचक्रोशी यात्रा ११८ किलोमीटरची आहे. पाच कोसांच्या त्रिज्येचा परीघ काढा, १०० च्या आसपास येतो. म्हणजे शब्दानं आपलं माप बऱ्यापैकी सांभाळलं आहे! इंदूरपासून पाच कोस मोजले तर महूसुद्धा त्याबाहेर पडतं, देवास तर दुपटीहून लांब. महाराष्ट्रात ‘पंचक्रोशीत प्रसिद्ध’ असं सैलपणे म्हणतात, पण उज्जैनच्या शेजारी राहून आपण तरी तसं लिहू नये.

— ‘बाजारगाव’ कसा वाटतो? खेड्यातली माणसं ‘आमचं बाजाराचं गाव अमुक’ असं सांगतात.

— काका, शब्द सुंदर आहे, पण तो आठवड्याच्या मीठ-मिरचीचा. देवासजवळच्या खेड्याचं बाजाराचं गाव देवासच राहणार, इंदूरला ते बस्त्यापुरतं येणार. ताईंना येणाऱ्यांबद्दलच सांगायचं असेल तर ‘राबता’ घ्यावा. मूळ अरबी, अर्थ संबंध. मराठीत तो नेहमीच्या येण्याजाण्याला रुळला. क्लॉथ मार्केटात परगावच्या गिऱ्हाइकांचा राबता असतो, हे वाक्य कुठेही अडत नाही.

— अनंत चतुर्दशीला मात्र राबता चालणार नाही. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) निघतात आणि खेड्यापाड्यांतून माणसं रात्र जागायला येतात. त्या एका रात्रीला ‘रीघ’च म्हणायला हवं.

— सगळ्यांचे आभार. मुलखासाठी सरळ ‘माळवा’ लिहिते: ‘माळव्यातून बस्त्याला येणाऱ्यांचा इथे राबता असतो.’ एकच शंका, इथल्या मुलांना बस्ता म्हणजे शाळेचं दप्तर.

— राहू द्या ताई. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘बांधलेलं’. दप्तरही बांधलेलं आणि लग्नाची कापडंही. कंसात ‘लग्नाचा’ एवढं घाला.