चर्चा: अल्बिनिझमची चांगली बाजू पालकांना पहिल्याच भेटीत सांगावी का?

नेत्रमित्र
अल्बिनिझम म्हणजे कातडी, केस आणि डोळे यांना रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्य जन्मतःच फार कमी असणं किंवा नसणं. असं पांढऱ्या केसांचं, फिकट कातडीचं बाळ घेऊन आईवडील पहिल्यांदा येतात तेव्हा बोलायला सुरुवात कुठून करावी? माझं मत: चांगल्यापासून, कारण ते खरं आहे. बुद्धी, वाढ, आयुर्मान यांत सहसा काही कमी नसतं. नजर मंद असते, पण ती वर्षागणिक घसरत जात नाही. डोळ्यांची थरथर तर पहिल्या काही वर्षांत थोडी कमीच होते. रंग नीट ओळखता येतात. नजरेचा पसारा बहुधा पूर्ण असतो, त्यामुळे ही मुलं अनोळखी खोलीतही बिनधास्त वावरतात. फार तर उतरत्या पायरीची कड चुकते.

आणि वाचन! पुस्तक ४० सेंमीऐवजी १० सेंमीवर धरलं की अक्षर चौपट मोठं दिसतं. लहान मुलाच्या डोळ्याला इतक्या जवळचं स्पष्ट करून पाहणं जमतं. चाळिशीनंतर जमेनासं होतं, तेव्हा जवळचा नंबर द्यायचा. ‘डोळे बिघडतील’ म्हणून पुस्तक लांब धरायला लावलं तर मुलाचं वाचनच बंद होतं. पुस्तक जवळ धरल्याने डोळ्याला काहीही इजा होत नाही.

त्वचा_लातूर
मुद्दे बरोबर, क्रम चुकला. घरी पोचतं ते पहिलं वाक्य. नजर घसरत नाही हे खरं, पण कातडीचं तसं नाही. मेलॅनिन नसलेल्या कातडीत उन्हाची इजा साठत जाते: आधी भाजणं, मग खरखरीत चट्टे, आणि रोज उन्हात राबणाऱ्यांत तरुण वयातच कर्करोग. मेलॅनोमा (कातडीचा एक घातक कर्करोग) झालाच तर तो बहुधा काळा नसतो, गुलाबी असतो, आणि पुळी समजून सोडून दिला जातो. महिनाभरात न भरलेली कुठलीही जखम दाखवायलाच हवी.

सनस्क्रीन ‘लावतो’ म्हणणाऱ्यांत बहुतेक जण फार कमी लावतात. एसपीएफ ३० किंवा जास्त घ्या. मोठ्या माणसाच्या चेहरा-मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं, आणि उन्हात असेपर्यंत दर २ तासांनी. रोज दोनदा असं लावलं तर ५० मिलीची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपते. तीन महिने पुरत असेल तर संरक्षण नावालाच आहे. हमखास राहून जाणारे भाग: कानाची वरची कड, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, ओठ, चपलेतली उघडी पावलं.

कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसलं तर ऊनही आरपार जातं, आणि पातळ पांढरं सुती कापड भिजलं की आणखीच. घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाहीचा शर्ट हवा. टोपीची कड चहूबाजूंनी ७-८ सेंमी हवी. क्रिकेटच्या टोपीत कान-मान उघडे राहतात, गांधी टोपीला तर कडच नाही. शेतावर निदान उपरणं कानांवरून गुंडाळावं. पावसाळी ढगांतूनही अतिनील किरणं येतात, म्हणून जूनमध्ये हे सगळं सोडून चालत नाही.

फिरती_शिक्षिका
डॉक्टर, तुमची यादी हवीच आहे, पण तिच्यापासून सुरुवात झाली की काय होतं तेही पाहा. पडदे ओढून मूल घरात बसवलं जातं, सहाव्या वर्षी अंधशाळेत घातलं जातं, आणि तिथे ते ब्रेलचे ठिपके बोटांऐवजी डोळ्यांनी वाचू लागतं! ज्याला छापील वाचता येतं त्याची वर्षं यात वाया जातात.

साध्या शाळेत करायचं ते इतकं अवघड नाही. खिडकी पाठीमागे येईल अशी जागा, पुढचं बाक. पण डावीकडचं की उजवीकडचं, हे मुलाची मान सांगते. मान एका बाजूला वळवली की डोळ्यांची थरथर सर्वांत कमी होते, आणि मूल तो कोन आपसूक शोधतं. ‘सरळ बस’ म्हणून तो मोडू नका, बाकच त्याप्रमाणे हलवा. चकाकणाऱ्या पांढऱ्या बोर्डापेक्षा मॅट काळा फळा बरा. शिक्षकांनी लिहिताना मोठ्याने बोलावं. फळ्यासाठी एका डोळ्याची ४ किंवा ६ पट दुर्बीण मिळते, पण ती हातात देऊन काम संपत नाही. आधी स्थिर मोठी वस्तू शोधणं, मग भिंतीवरचा तक्ता, मग फळ्यावरची ओळ, अशा क्रमाने सराव लागतो. सराव नसेल तर दुर्बीण दप्तरातच राहते.

त्वचा_लातूर
बाक मान्य. पण त्याच शाळेतली कवायत दुपारी १२ला, उघड्या मैदानात होते. तीही सकाळी ९च्या आत घ्यायला सांगता का?

फिरती_शिक्षिका
सांगते, लेखी. मूल त्या तासाला वर्गात एकटं बसणार नाही हेही त्याच पत्रात असतं.

नेत्रमित्र
चष्म्यावर एक मोठा गैरसमज आहे. पीतबिंदूचा (डोळ्याच्या पडद्यावर सर्वांत बारीक दिसतं त्या जागेचा) मधला खळगा नीट तयार झालेला नसतो, त्यामुळे चष्म्याने पूर्ण दिसत नाही हे बरोबर. म्हणून ‘उपयोग नाही’ असं सांगून परत पाठवतात, हे चूक. या मुलांना तिरपा (सिलिंडर) नंबर पुष्कळदा मोठा असतो. तो पहिल्या सात-आठ वर्षांत दुरुस्त केला नाही तर मूळच्या मंद नजरेवर आळशी डोळ्याची (मेंदू त्या डोळ्याने नीट पाहायला शिकत नाही त्याची) भर पडते. वर्षाच्या आतल्या बाळालाही चष्मा देता येतो. उजेडाने रंग बदलणाऱ्या काचा आपल्या उन्हाळ्यात पुरेशा गडद होत नाहीत, कारण उष्णतेत त्यांचा परिणाम घटतो. बाहेरसाठी कडांनी झाकणारा वेगळा गॉगलच घ्यावा.

हक्क_आणि_दाखला
चांगल्या बाजूचा मलाही राग नाही, पण ‘तुमच्या मुलाला तसं दिसतंय की’ हे ऐकून पालक अपंगत्वाचा दाखलाच काढत नाहीत! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ही स्वतंत्र नोंद आहे: चष्मा लावून, बऱ्या डोळ्याने ६/१८पेक्षा कमी (६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं). दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६०मध्ये असतील तर ४० टक्के धरतात, आणि सवलतींचा उंबरठा तोच आहे. परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. केनियात २०१७ साली आठवीच्या राष्ट्रीय परीक्षेत अल्बिनिझम असलेली गोल्डलिन काकुया पहिली आली. असं उदाहरण जरूर सांगा, पण त्याच बैठकीत यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्जही भरून घ्या.

नेत्रमित्र
फक्त चांगलंच सांगण्याचा आग्रह इथे मी सोडतो. तपासणीतलं एक सांगतो: एक डोळा झाकला की थरथर वाढते आणि आकडा खऱ्यापेक्षा वाईट येतो. झाकणीऐवजी मोठ्या प्लस (+) नंबरची काच लावून तो डोळा धूसर करावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवूनही नोंद घ्यावी. वर्गात मूल दोन्ही डोळ्यांनीच पाहतं.

त्वचा_लातूर
पहिल्या भेटीत आणखी एक प्रश्न हवा, तो कोणीच विचारत नाही: जरा लागलं की काळं-निळं होतं का, नाकातून रक्त येतं का? उत्तर हो असेल तर हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोमची (अल्बिनिझमसोबत रक्त लवकर न थांबण्याच्या प्रकाराची) शंका घ्यायची. यात प्लेटलेटची (रक्त थांबवणाऱ्या पेशींची) संख्या नॉर्मल येते, काम मात्र बिघडलेलं असतं. साध्या रिपोर्टवर विसंबून दात काढला तर रक्त थांबत नाही. अॅस्पिरिन टाळायचं.

लग्नाच्या प्रश्नावर मात्र खरोखर दिलासा देता येतो. नेहमीच्या प्रकारात दोष आई-वडील दोघांकडून आला तरच मूल तसं होतं. दोघेही वाहक (स्वतःला त्रास नाही, पण दोष पुढे जाऊ शकतो असे) असतील तर प्रत्येक वेळी शक्यता २५ टक्के. अल्बिनिझम असलेल्याचा जोडीदार वाहक नसेल तर मुलं फक्त वाहक होतात. मामे-आते नात्यात लग्न ठरत असेल तर हा हिशेब आधी मांडावा.

हक्क_आणि_दाखला
ताई, ब्रेलला सरसकट नाही म्हणू नका. नजर ६/६०च्या आसपास असेल तर अर्ध्या तासाच्या वाचनानंतर मान आणि डोळे दोन्ही थकतात. दहावीनंतरचं वाचन त्या वेगाने संपत नाही.

फिरती_शिक्षिका
थकतात, मान्य. त्यासाठी आधी उतरतं लेखनमेज द्या म्हणजे मान वाकत नाही. पाचवीपासून न पाहता टंकलेखन आणि ऐकून वाचन शिकवा. मिनिटाला वाचलेले शब्द दर सहा महिन्यांनी मोजा. हे सगळं करूनही वेग वाढत नसेल तर ब्रेल शिकवू, पण डोळ्यांवर पट्टी बांधून, बोटांनी.