कॉलेजात माहितीपट दाखवायचेत (अन्न, पाणी, युद्ध): परवानगी, आवाज, सबटायटल

डेक्कनची_पोरं
जानेवारीत सलग तीन शुक्रवारी कॉलेजात माहितीपट दाखवायचे ठरतंय. हॉल सपाट जमिनीचा, १२० खुर्च्या, पश्चिमेला सगळ्या खिडक्या. प्रोजेक्टर ३२०० ल्युमेनचा, लॅपटॉपवरून चालवणार. मराठी सबटायटल आम्हीच करतोय. बाहेरच्यांना बोलावलं तर चालेल का? आणि तीन विषयांना तीन चित्रपट कोणते घ्यावेत?

कलम_बावन्न
बाहेरच्यांना बोलावलंत की सगळं गणित बदलतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(जे) : शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच. इन्स्टाग्रामवर ‘सर्वांचे स्वागत’ टाकलंत की ती सवलत गेली. मग हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नही येतो. दिग्दर्शकाला ईमेल करा. तारीख, खुर्च्या आणि तिकीट नाही हे स्पष्ट लिहा. माहितीपटवाले पुष्कळदा होकार देतात. ओटीटीचं घरगुती खातं हॉलमध्ये लावू नका, त्याच्या अटी वेगळ्या असतात.

मिक्सरमागचा
चित्र थोडं फिकट आलं तर लोक चालवून घेतात, बोलणं कळलं नाही की उठून जातात. त्यामुळे आधी आवाज.

हमखास होणारी चूक: लॅपटॉपच्या हेडफोन भोकातून निघालेली स्टिरिओ केबल थेट मिक्सरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) माइक-चॅनलला जोडतात. तिथे डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतो. माणसाचं बोलणं दोन्हीकडे सारखंच असतं, म्हणून नेमकं तेच गायब. पाऊस ऐकू येतो, विमान ऐकू येतं आणि मुलाखत देणारा शेतकरी नुसते ओठ हलवतो. ३.५ मिमी स्टिरिओ ते दोन वेगळ्या ६.३५ मिमी मोनो पिना अशी केबल घ्या आणि दोन लाइन इनपुटना लावा. केबल बरोबर असूनही बोलणं दबलेलं वाटलं तर फाइल ५.१ची (सहा चॅनलच्या आवाजाची) असेल, प्लेअरचं आउटपुट स्टिरिओ करा.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे. मिक्सर, प्रोजेक्टर, लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या.

काळा_पडदा
सपाट हॉलमध्ये पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फूट हवी, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. तेवढी उंची मिळत नसेल तर सबटायटल वरच्या बाजूला न्या, कोणी हसत नाही.

जानेवारीत पुण्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पश्चिमेच्या खिडक्या म्हणजे पाचचा खेळ बाद. पावणेसातला सुरू करा. प्रोजेक्टर जुन्या ४:३ आकाराचा असेल तर रुंद चित्रात पाव भाग प्रकाश वरखालच्या काळ्या पट्ट्यांत जातो, तेव्हा दाराच्या फटीसुद्धा कापडाने बुजवा.

सबटायटल: फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी नीट जपणारं एन्कोडिंग) सेव्ह करा. तरी जोडाक्षरं तुटली तर फाँटवर वेळ घालवू नका, ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ-सॉफ्टवेअरने चित्रावरच छापून टाका. एकावेळी दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर वेळ पुढेमागे सरकवली की भागतं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) वेगळा आहे: २५ आणि २३.९७६ मध्ये तासाला अडीच मिनिटं चुकतात. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदला.

मुठेकाठचा
तीन विषयांना तीन चित्रपट कशाला? ह्युबर्ट साउपरचा ‘डार्विन्स नाइटमेअर’ (२००४, १०७ मिनिटं) घ्या. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेला नाइल पर्च मासा, त्याचे युरोपला जाणारे तुकडे, काठावरच्या लोकांच्या वाट्याला येणारी डोकी नि सांगाडे, आणि मासे न्यायला येणारी विमानं येताना काय आणतात हा प्रश्न. अन्न, पाणी, युद्ध एकाच धावपट्टीवर. अन्नासाठी गायरहाल्टरचा ‘अवर डेली ब्रेड’ (२००५) : निवेदन नाही, म्हणजे सबटायटलचं काम वाचलं. इथलंच हवं तर दीपा भाटियांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९), पत्रकार पी. साईनाथ आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या.

युद्धासाठी आनंद पटवर्धनांचा ‘जंग और अमन’ (२००२), पण तो लांब आहे, मध्यंतर ठेवा. सेन्सॉरने त्यात काटछाट मागितली होती, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. प्राचार्यांनी विचारलं तर हे हाताशी असू द्या.

चर्चेला ४० मिनिटं राखा आणि ‘कसा वाटला?’ विचारू नका. पाण्याच्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहा: खडकवासला साखळीची चार धरणं, २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), शहराला किती, दौंड-इंदापूरच्या उसाला किती? पुढचं पोरं बघतील.

डेक्कनची_पोरं
मध्यंतराचं डोक्यातच नव्हतं. बाहेरच्यांना नाही बोलावत. रंगीत तालीम आदल्या दिवशी, गुरुवारी ठेवतोय.

मिक्सरमागचा
गुरुवारी? दुरुस्तीसाठी वीज जायचा वार तो. बुधवारी ठेवा.