'तीरोश'ला मराठीत काय म्हणाल?

अडकित्ता: एका हिब्रू उताऱ्याचं भाषांतर करतोय. बायबलातल्या होशेय या पुस्तकात, 4:11 मध्ये, 'यायिन' आणि 'तीरोश' शेजारी शेजारी येतात आणि दोन्ही मिळून माणसाचं 'लेव', म्हणजे काळीज, काढून नेतात. यायिन म्हणजे वाइन. तिला मराठी बायबलात 'द्राक्षारस' म्हटलंय. मग तीरोशला उरतो 'नवा द्राक्षारस'. मला तर रसवंतीगृहच दिसतं. दुसरा शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर: सोपं आहे. तीरोश म्हणजे न आंबलेला रस. बायबलातलंच यशया 65:8 पाहा, तिथे तो चक्क घोसातच असतो. खरा 'द्राक्षारस' तोच. यायिनला 'मद्य' म्हणा.

अडकित्ता: न आंबलेला असेल तर काळीज कसं काढून नेतो?

उखळ-मुसळ: आंबला की नाही हा प्रश्नच चुकीचा. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 7:13 मध्ये, दागान (धान्य), तीरोश, यिसहार (तेल) अशी तिकडी आहे. ही शेतातून आलेल्या पिकाची नावं. ताटातली नावं वेगळी: लेहेम (भाकरी), यायिन, शेमेन (तेल). आपण नाही का साळ, तांदूळ, भात म्हणत? आणि आमच्या कोकणात शेतात उभा असतो तोही भातच! तीरोश म्हणजे द्राक्षाची बरकत, देवाने दिलेली. पेल्यात काय ओतलं ते नंतर.

बोरूबहाद्दर: बरकत? हा तर अरबी शब्द. आशीर्वाद म्हणा की.

उखळ-मुसळ: मग 'वारस'ही टाकून द्या. तीरोशचा संबंध काही जण 'याराश', ताब्यात घेणे, वारशाने मिळवणे, याच्याशी जोडतात. अरबीतून आपल्याकडे आलेला 'वारस' त्याच धातूचा भाऊबंद.

अडकित्ता: तालमूदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात (योमा 76ब), वेगळीच कोटी आहे. पिणाऱ्याची लायकी असेल तर 'रोश', डोकं, म्हणजे पुढारी होतो. नसेल तर 'राश', कंगाल. व्युत्पत्ती म्हणून शून्य, पण गुत्त्याबाहेर लावण्यासारखी! तिथेच हेही आहे की तीरोश सोडण्याचा नवस केला तर सगळं गोड वर्ज्य, वाइन मात्र चालते.

ताडमाड: 'नीरा' का नको? पहाटे नीरा, ऊन चढलं की ताडी.

बोरूबहाद्दर: नीरा द्राक्षाची नसते. 'द्राक्षासव' बघा.

ताडमाड: ते औषधाच्या दुकानात मिळतं हो. होशेयला खोकला झालेला नाही.

अलिबागकरीण: आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी दुपारी आई काळ्या मनुका भिजत घालायची, संध्याकाळी हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायची. चोथा पिळताना बोटं जांभळी व्हायची. त्यावरच किद्दूश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना. आम्ही त्याला 'शरबत'च म्हणतो.

अडकित्ता: सुंदर! पण होशेयच्या ओळीत 'शरबत' घातलं तर धाक जाईल.

ताडमाड: ताई, मनुका किती, पाणी किती?

अलिबागकरीण: अंदाजानेच. मनुका बुडून वर दोन बोटं पाणी.

बोरूबहाद्दर: एक शंका. 'मनुका' हे एकवचन की अनेकवचन? आमच्याकडे एक मनुका, दोन मनुका.

उखळ-मुसळ: आमच्याकडे मनुके!