अनुभव धागा: पोस्टमन ते खासदार, आणि आपल्याकडचे टपालवाले

टपाली
ब्रिटनच्या ॲलन जॉन्सन यांच्याबद्दल वाचतोय. बाप घर सोडून गेलेला, १३व्या वर्षी आई गेली. सोळा वर्षांच्या बहिणीने संसार ओढला. १९६८ मध्ये गडी पोस्टमन झाला, पुढे टपाल युनियनचा सरचिटणीस, १९९७ ला हल शहरातून खासदार आणि २००९ ला थेट गृहमंत्री! तुमच्या घरात, ओळखीत कोणी टपालवाले असतील तर लिहा. राजकारणात गेले नसले तरी चालेल.

चरईची लेक
माझे बाबा ठाण्यात पोस्टमन. बटवड्याला निघण्याआधी पत्रं घरांच्या क्रमाने लावायचे. डाव्या हातावर गठ्ठा, वरचं पत्र कायम पुढच्या दाराचं. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचे. कुणाच्या मुलाने पैसे पाठवणं बंद केलं हे त्यांना सगळ्यांत आधी कळायचं, पण घरी अवाक्षर नाही. (आई फार खोदून बघायची.) एकदा गल्लीतले मागे लागले, "पालिकेला उभे राहा, तुम्हाला घर न् घर ओळखतं." बाबा म्हणाले, "आधी राजीनामा द्यावा लागतो. पेन्शन तुम्ही देणार का?" केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत निवडणूक लढवणंच काय, प्रचारही बसत नाही.

खोपटकर
ओळख वेगळी, मतं वेगळी. आणि तिकीट कुणाला मिळतं ते माहितेय.

ऐरोलीचा बीटवाला
मी सध्या नोकरीत आहे. पत्रं जवळपास संपली. आता आधार, पासपोर्ट, एटीएम कार्डं, पार्सलं. एका सोसायटीत आम्हाला लिफ्ट बंद. "डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याने," म्हणतो वॉचमन. सही घेऊन द्यायचं टपाल सातव्या मजल्यावर, आणि वर गेलं की दाराला कुलूप. जॉन्सन यांचं मला आवडतं ते १९९४ चं काम. सरकारने रॉयल मेल, म्हणजे तिकडची सरकारी टपालसेवा, विकायला काढलं, तेव्हा यांच्या युनियनने सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांना गाठलं, त्यांच्या मतदारसंघांत जाऊन. विक्री बारगळली. आमच्याकडे गेट मीटिंग होते, घोषणा होतात, चहा होतो.

टपाली
२०१३ ला विकलंच की शेवटी.

ऐरोलीचा बीटवाला
एकोणीस वर्षं टळलं ना! तेवढ्यात किती जण पेन्शनीत निघाले असतील.

चरईची लेक
बीटवाले दादा, लिफ्टचं सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी द्या. आणि पोचपावती घ्या हो.